पत्र्याखालचं पोळं

गांधीलमाश्या आधी कोणी पाहिल्या यावर त्या घरात अजून एकमत नाही. खिडकीसाहेबांची बायको म्हणते, मी पाहिल्या, धुणं वाळत घालताना. खिडकीसाहेब स्वतः म्हणतात, मीच पाहिल्या होत्या, पण उगाच कोणाला घाबरवायचं कशाला म्हणून बोललो नाही. जाहीर मात्र त्यांच्या आईंनी केल्या, याबद्दल वाद नाही. आणि आवाज असा, की एखाद्याने बढतीची बातमी सांगावी.

"धुण्याच्या कट्ट्यावर पोळं झालंय," आई दाराजवळच्या खुर्चीतून म्हणाल्या. "गांधीलमाश्यांचं. चला, माझं चालणं बंद."

आता यात आनंद होण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. तर आई मोरीत घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाडांच्या डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं आणि पुढचं सगळं आईंवर सोपवून ते मोकळे झाले. पुढचं म्हणजे चालणं. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. तिने रस्ता आखून दिला होता: वॉकर घ्यायचा, दारापासून फाटकापर्यंत जायचं, परत यायचं, सकाळ-संध्याकाळ. आणि आई रोज नवं कारण काढायच्या. ऊन आहे. वारा आहे. आत्ताच चहा घेतलाय. आत्ताच चहा व्हायचाय. टेलरबाई कुंपणावरून बघते. आज अंग जड आहे, उद्यापासून नक्की. माणसाकडे कारणं तरी किती असणार? ती संपत आली होती, आणि नेमकी तेव्हाच ही मंडळी येऊन राहिली, तीही दार आणि फाटक यांच्या बरोब्बर मध्ये, कट्ट्यावरच्या पत्र्याखाली.

व्यायामवाली त्या दिवशी आली, पत्र्याकडे पाहिलं, आईंना पलंगावरच पाय वर-खाली करायला लावले आणि निघाली. फाटकाशी हेल्मेट चढवताना खिडकीसाहेबांना म्हणाली, "काका, स्पष्ट सांगू? हेच दिवस आहेत. हे गेले आणि सांधा आखडला, की मग पलंगच. मग मी रोज आले काय आणि नाही आले काय."

एवढं बोलून ती स्कूटर सुरू करून गेलीसुद्धा. खिडकीसाहेब तिथेच उभे राहिले. पलंग हा एवढा साधा शब्द. पण तो ऐकून फाटकाची कडी लावायचंही त्यांना सुचलं नाही.

खिडकीसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. ते नगरपालिकेच्या मुख्य कार्यालयात चौकशीच्या खिडकीत बसायचे, म्हणून गल्लीने ठेवलेलं. काम म्हणाल तर लोकांनी विचारायचं, यांनी सांगायचं. कुठला मजला, कुठली खोली, जेवणाची सुट्टी संपली का, साहेब खरंच रजेवर आहेत की नुसते रजेवर आहेत. त्या खिडकीवरून आजवर कोणी उत्तराशिवाय परत गेलं नव्हतं, याचा त्यांना अभिमान होता. उत्तर बरोबरच असेल असं नाही. पण इतक्या ठामपणे द्यायचे, की ऐकणाऱ्याला पुढचे दोन जिने चढायला बळ यायचं. तेव्हा स्वतःच्याच अंगणातल्या माश्यांसाठी कोणाकडे जायचं हे आपल्याला माहीत नसावं, ही गोष्ट त्यांना गांधीलमाशीसारखी लागली.

पोळं तसं मोठं नव्हतं. उलट्या टांगलेल्या शॉवरच्या तोंडाएवढं, राखाडी, कागदी, भोकाभोकांचं. त्यावर माश्या निवांत फिरत होत्या. लांब पाय खाली सोडलेले, आणि कमरा अशा की कोणत्याही मध्यमवयीन बाईने सुस्कारा सोडावा.

संध्याकाळी सल्ले सुरू झाले. डावीकडच्या घरातले हवामानकाका आधी आले. हे वेधशाळेतून निवृत्त झालेले, आणि नोकरी सुटली तरी बोलण्याची तऱ्हा सुटलेली नव्हती.

"धूर करा," ते म्हणाले. "धुराने त्या जाण्याची दाट शक्यता आहे."

"आणि नाही गेल्या तर?"

"तशीही शक्यता आहे."

उजवीकडच्या टेलरबाई कुंपणावर कोपर टेकून म्हणाल्या, "धूरबिर काही नको. साबणाचं पाणी. पंपाने मारायचं. माझ्या माहेरी एका फवाऱ्यात साफ."

"तुमच्या माहेरी पाली होत्या ताई," बायको म्हणाली. "मागे तुम्हीच सांगितलं होतं."

"पालींनाही साबणच मारला होता."

तोवर आई खुर्चीतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "राहू दे ना रे. बिचाऱ्या घर बांधतायत. पोटातली पिल्लं घेऊन कुठे जातील? मी बसते इथे. मला कुठे जायचंय?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी अगदी हसत म्हटलं. खिडकीसाहेब मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गर्दी ओसरल्यावर त्यांनी फोन हातात घेतला. माणसाने रीतसर जावं, या मताचे ते होते. नगरपालिकेत विभाग कशाला ठेवलेत? आधी अग्निशमन दल.

"मधमाश्या आहेत का?" तिकडून विचारणा झाली.

"गांधीलमाश्या."

"मध नाही?"

"नाही."

"मग आमच्याकडे येत नाही. आरोग्य विभाग."

आरोग्य विभागाने फार आपुलकीने चौकशी केली. "चावल्या का कोणाला?"

"अजून नाही."

"मग चावल्या की या. चावल्याशिवाय केस होत नाही."

उद्यान विभागात फोन बराच वेळ वाजला. शेवटी एका गृहस्थाने उचलला. त्याचं तोंड भरलेलं होतं. तो म्हणाला, "झाडावर आहे का? नाही? पत्र्यावर? पत्र्याला परवानगी घेतली होती का?"

खिडकीसाहेबांनी घाईघाईने खोकला काढला. पत्रा वडिलांनी टाकलेला. तेव्हाची परवानगी म्हणजे शेजाऱ्याला विचारलं होतं, एवढीच.

"असं करा," तो गृहस्थ तोंडातला घास गिळून म्हणाला, "मुख्य कार्यालयात खाली चौकशीची खिडकी आहे. तिथे एक साहेब बसतात. फार हुशार माणूस. ते तुम्हाला बरोब्बर सांगतील."

खिडकीसाहेबांनी आभार मानून फोन ठेवला. आपलं इतकं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं आणि आपल्याला इतकं निराधारही कधी वाटलं नव्हतं. समोर एक बाई जन्मदाखला कुठे मिळतो विचारत उभी होती. तिला त्यांनी नेहमीपेक्षा जरा हळू आवाजात, नीट, दोनदा समजावून सांगितलं.

मग खाजगी फवारणीवाल्याला बोलावलं. तो पाठीवर टाकी अडकवून आला, खालून पोळं पाहिलं, मान डोलावली. "होऊन जाईल. औषध जरा उग्र आहे. घरात म्हातारं माणूस आहे का?"

"आई आहेत. त्यांच्यासाठीच तर काढायचंय."

"त्यांना आठवडाभर दुसरीकडे हलवा. श्वासाला त्रास होतो."

"अहो, त्या हलत नाहीत म्हणूनच पोळं काढायचंय! हलल्या असत्या तर तुम्हाला बोलावलं असतं का?"

फवारणीवाल्याने यावर प्रामाणिकपणे विचार केला. मग टाकी पाठीवर सरळ केली आणि म्हणाला, "मग त्यांना हलवता आलं की सांगा." आणि गेला. आतून आईंचा आवाज आला, "शहाणा माणूस होता हो."

मधल्या दिवसांत आईंची आणि माश्यांची चांगलीच ओळख झाली. कुठली सकाळी आधी बाहेर पडते, कुठली आळशी, कुठलीचं कुठलीशी पटत नाही, हे त्या खुर्चीत बसून सांगायच्या. वॉकर पलंगाशेजारी उभा असायचा. बायको त्याच्यावर टॉवेल वाळत टाकू लागली होती. एकदा ऑफिसातून येऊन खिडकीसाहेबांनी तो टॉवेल पाहिला, ओढून काढला आणि स्वतः दोरीवर नेऊन टाकला. बायकोने परत तिथे टॉवेल टाकला नाही.

रविवारी धूर करायचं ठरलं. खिडकीसाहेबांनी जुनं घमेलं घेतलं, त्यात नारळाच्या शेंड्या, ओला पालापाचोळा आणि फाटकं पोतं घातलं आणि घमेलं कट्ट्यावर ठेवून पेटवलं. हवामानकाका कुंपणापलीकडून सूचना देत होते. वारा पश्चिमेकडून आहे, धूर सरळ वर जाईल, आता फक्त वाट पाहायची, असं सांगून ते दुपारच्या झोपेला आत गेले.

वारा पश्चिमेकडून नव्हता. कुठून होता हे देव जाणे, पण धूर पत्र्याकडे ढुंकूनही न पाहता कुंपण ओलांडून टेलरबाईंच्या अंगणात गेला. तिथे दोरीवर शाळेचे नवे गणवेश धुऊन वाळत घातले होते. पांढरे शर्ट. एका अख्ख्या वर्गाचे असावेत. टेलरबाई शिवणयंत्रावर होत्या. यंत्राच्या आवाजात त्यांना काही कळलं नाही. वास आला तेव्हा त्या बाहेर आल्या, शर्टांकडे पाहिलं, खिडकीसाहेबांकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या नुसत्या "अहो भाऊ" म्हणाल्या.

"अहो भाऊ" ऐकताच खिडकीसाहेबांनी घमेल्यावर पाण्याची बादली ओतली. त्याने आधी जेवढा धूर होता त्याच्या चौपट झाला.

इकडे या चौपट धुरामुळे हवामानकाकांना जाग आली. झोपेतून उठलेल्या माणसाला आपण झोपेआधी काय सल्ला दिला होता ते आठवेलच असं नाही. त्यांनी खिडकीतून पाहिलं, शेजारचं घर पेटलंय अशी दाट शक्यता वर्तवली आणि अग्निशमन दलाला फोन केला.

गल्ली अरुंद, त्यामुळे बंब आला तो भिंतींना घासत, घंटा वाजवत. मागून अख्खी गल्ली. हेल्मेटवाले जवान पाइप घेऊन अंगणात धावले आणि त्यांनी घमेल्यावर असा फवारा मारला की घमेलं उडून फाटकापाशी पडलं. सगळं शांत झाल्यावर त्यांच्या मुख्य माणसाने वर पाहिलं. पत्र्याखाली पोळं कोरडंठाक होतं. माश्या कडेला येऊन बघत होत्या.

"वर पोळं आहे," तो म्हणाला.

"हो," खिडकीसाहेब म्हणाले. ते डोक्यापासून पायापर्यंत भिजले होते.

"गांधीलमाश्या दिसतात."

"हो."

"मग आरोग्य विभाग," तो म्हणाला आणि माणसं गोळा करून निघाला.

निघताना बंब मागे घ्यावा लागला. फाटक कोणी तरी उघडून रस्त्याकडे ढकललेलं होतं. बंबाच्या मागच्या कडेत त्याची वरची बिजागरी अडकली आणि बंबाबरोबर थोडं अंतर चालून फाटक एका खालच्या बिजागरीवर लोंबकळत राहिलं. आईंनी हे सगळं खुर्चीतून पाहिलं. "कित्येक दिवसांनी करमणूक झाली," त्या सुनेला म्हणाल्या. बायकोने तोंड फिरवलं, कारण तिलाही हसू आवरत नव्हतं, आणि नवऱ्याचा भिजलेला चेहरा बघून हसणं बरं दिसलं नसतं.

त्या संध्याकाळी खिडकीसाहेब टेलरबाईंच्या अंगणात बसून शर्ट धूत होते. दुसरा काही उपायच नव्हता. वाळत घालताना टेलरबाई म्हणाल्या, "झालं ते झालं. आता माझं ऐका. धूर हा हवामानकाकांचा सल्ला, साबण माझा. तुम्हाला मी पोशाख शिवून देते. डोक्यापासून. जुनी मच्छरदाणी आहे?"

मच्छरदाणी होती. माप घ्यायला टेलरबाई टेप घेऊन कुंपणाशी आल्या, आणि गल्लीत चार लोक उभे असताना खिडकीसाहेबांच्या कमरेचं माप त्यांनी अशा खणखणीत आवाजात त्यांच्या बायकोला सांगितलं, की हवामानकाकांनी घरातून विचारलं, "काय म्हणालात?" टेलरबाईंनी पुन्हा सांगितलं.

पोशाख झाला तो मात्र अप्रतिम. वर रेनकोट, त्यावर मच्छरदाणीचा घेर, डोक्यावर हेल्मेट आणि त्याला शिवलेली जाळी, हातात बायकोचे भांडी घासायचे रबरी मोजे, बाह्यांना नाडी ओढून गाठ. टेलरबाईंनी गळ्याशी एक छोटी प्लीटसुद्धा टाकली होती. "खाली पडलं तर फाटू नये," त्या म्हणाल्या. हे त्या पोशाखाबद्दल बोलत होत्या.

उजेड मावळायच्या बेतात, माश्या घरी परतून सुस्तावल्या की हल्ला करायचा असं ठरलं. कुंपणावर दोन्हीकडची मंडळी होती. आई दारात खुर्ची पुढे घेऊन बसल्या. खिडकीसाहेब पोशाखात शिरले, साबणाच्या पाण्याने भरलेला पंप हातात घेतला, पत्र्याखाली साबणाच्याच पाण्याची बादली ठेवली. पत्रा उंच होता. हात पोचेना.

"स्टूल आण," ते जाळीतून म्हणाले.

बायकोने स्वयंपाकघरातलं स्टूल आणून ठेवलं आणि लगेच मागे सरली. "आणि लवकर उतरा हं त्यावरून."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते स्टूल म्हणजे बायकोचं वरच्या फळीपर्यंत पोचायचं स्टूल. त्याच्यावर पिठाचे डबे ठेवले जायचे, मुलं लहान असताना त्यांची ताटं ठेवली जायची. त्यावर चपलेसकट चढण्याची त्या घरात कोणाची छाती नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस बाकी काही विसरेल, हे विसरत नाही. खिडकीसाहेब स्टुलापाशी आले, मुकाट्याने चपला काढल्या, शेजारी नीट जोडीने ठेवल्या आणि अनवाणी वर चढले.

कोणाच्याही लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं, पण तिला ते बरोबरच वाटलं.

पहिला फवारा पोळ्याच्या बाजूने गेला. "डावीकडे!" आई दारातून ओरडल्या. "अरे, तुझ्या डावीकडे! एक निघाली, ती आळशी नव्हे, दुसरी!" दुसरा फवारा बरोब्बर बसला. पोळं देठापासून सैल झालं, डुललं आणि खाली बादलीत बुडालं. कुंपणावरून टाळ्या पडल्या. आणि घर गमावलेल्या, पंख ओले झालेल्या ज्या काही माश्या उरल्या, त्या हेल्मेट, जाळी, रेनकोट, मोजे हे सगळं सोडून सरळ खाली गेल्या. तिथे त्यांना दहा बोटं उघडी, ओळीने मांडून ठेवल्यासारखी मिळाली.

खिडकीसाहेबांनी जो आवाज केला त्याला शब्द नव्हते. ते स्टुलावरून उतरले की पडले यावरही त्या घरात एकमत नाही. बादली सांडली. पोशाख मात्र कुठेही फाटला नाही, हे टेलरबाईंनी नंतर तपासून सांगितलं.

रात्रीपर्यंत डावा पाय पावासारखा फुगला. अंगठ्यावर एक, टाचेवर एक आणि तळव्याच्या मधोमध एक. आरोग्य विभागात आता आपली केस होते, हा विचार त्यांना वेदनेतही सुचून गेला. पण त्यांना त्याचं काही नव्हतं. पोळं गेलं होतं. पाय उशीवर ठेवून, आईंच्या पलंगासमोरच्या दिवाणावर पडून ते सकाळची वाट पाहत राहिले.

सकाळी व्यायामवाली आली. खिडकीसाहेब कोपरावर उठून म्हणाले, "आई, जा. रस्ता मोकळा आहे."

आईंनी दारातून बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पत्र्याखाली काही नव्हतं.

"फाटक लोंबकळतंय," त्या म्हणाल्या. "वारा आला आणि अंगावर पडलं म्हणजे? ते नीट होऊ दे. मग चालते."

व्यायामवालीने खिडकीसाहेबांकडे पाहिलं. खिडकीसाहेबांनी छताकडे पाहिलं. दोन्ही शेजारी, बंब, शर्ट, कमरेचं माप, पाय. एवढं सगळं होऊन पुन्हा तिथेच.

"आई," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज चढला, "तुला चालायचंच नाहीये का?"

हे त्यांनी विचारायला नको होतं. आजवर कोणी विचारलं नव्हतं. सगळे ऊन, वारा, चहा यांच्याशीच भांडत होते. आई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. व्यायामवाली हलक्या पावलांनी निघून गेली. बायकोने आतून डोकं बाहेर काढलं आणि परत आत घेतलं.

त्यानंतरचे एक-दोन दिवस घर फार समजूतदारपणे वागलं. म्हणजे कोणी कोणाशी मोकळेपणाने बोललं नाही. पलंगावर एक, दिवाणावर एक, मध्ये वॉकर. मग कोपऱ्यावरचे डॉक्टर पाय बघायला आले. दाबून पाहिलं.

"सूज उतरतेय. आता लोळत राहू नका. थोडं थोडं चाला, नाहीतर पाय आखडेल."

"हो हो," खिडकीसाहेब म्हणाले.

डॉक्टर गेले. खिडकीसाहेब पडूनच राहिले. जरा वेळाने बायको म्हणाली, "उठताय ना? डॉक्टर काय म्हणाले?"

"ठणकतंय गं. आज जरा जडच वाटतंय. उद्यापासून नक्की."

समोरच्या पलंगावर हालचाल झाली. आईंनी कूस बदलली आणि मुलाकडे रोखून पाहिलं.

"खोटं बोलतोयस," त्या म्हणाल्या.

"खोटं कसलं? तीन ठिकाणी चावल्यात."

"ठणकतही असेल. पण त्यासाठी नाही पडून राहिलास. भीती वाटतेय तुला. पाय टाकल्यावर कळ येईल, त्याची."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत नाही?" आई म्हणाल्या. "हीच टेप रोज मी लावते. जड वाटतंय, उद्यापासून. शब्द तरी बदलायचेस."

बायको हातातलं फडकं घेऊन दारातच थांबली.

"पडले ना मी," आई म्हणाल्या. त्यांची नजर आता मुलाकडे नव्हती, स्वतःच्या गुडघ्यांकडे होती. "तेव्हा आवाज झाला होता. हाडाचा. सुकी काटकी मोडावी तसा. दुखलं ते नंतर. आधी तो आवाज. अजून पाऊल टाकायला गेलं की वाटतं, आता येईल. म्हणून तुझ्या त्या माश्या मला बऱ्या वाटत होत्या."

आयुष्यभर खिडकीत बसून लोकांना सगळं सांगणाऱ्या माणसाला या एका गोष्टीवर काय सांगावं ते सुचलं नाही. ते इतकंच म्हणाले, "मला सांगायचंस ना."

"तू विचारलंस कुठे? तू आपला फोन करत होतास."

आणि मग आईंनी दोन्ही पाय पलंगाखाली सोडले. एक हात उशाच्या कठड्याला, एक गुडघ्यावर. सून पुढे धावली, तर तिला हातानेच थांबवलं. उठून उभ्या राहिल्या. क्षणभर डोळे मिटले, बहुधा तो आवाज येतोय का हे ऐकायला. मग वॉकर ढकलून दिवाणापाशी नेला.

"धर."

"आई, अगं हा तुझा—"

"मला भिंत पुरते. तुला नाही पुरणार, तू वजनदार आहेस. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

असे ते दोघं बाहेर पडले. पुढे खिडकीसाहेब, वॉकरवर वाकलेले, फुगलेला पाय बायकोच्या जुन्या मोज्यात कोंबलेला. शेजारून आई, तळहात भिंतीवरून सरकवत, मग भिंत संपल्यावर धुण्याच्या कट्ट्यावर, मग काहीच नाही तिथे मुलाच्या खांद्यावर. बायको दारात उभी राहिली. तिला मागोमाग जायचं होतं. ती गेली नाही. पदराने डोळे पुसले आणि उगाच कढईवरचं झाकण सरळ करायला आत गेली. आणि लगेच पुन्हा बाहेर आली.

"अगं बाई," टेलरबाई कुंपणावरून ओरडल्या, "आई चालल्या!"

"चालतेय मी, पळत नाहीये," आई म्हणाल्या. "गणवेश झाले का तुझे?"

पलीकडून हवामानकाकांनी मान वर काढली. "अहो, यात पेशंट नक्की कोण?"

"हा," आई म्हणाल्या. "लहानपणापासून असाच आहे. काटा रुतला तरी आठवडा काढायचा. ए, कण्हू नकोस. टाच आधी टेकव, मग बोटं. उलटं करतोयस."

खिडकीसाहेबांनी टाच आधी टेकवली. कळ मस्तकात गेली. त्यांनी ओठ दाबले. लोंबकळणाऱ्या फाटकाशी पोचल्यावर ते दम खायला थांबले, आणि त्यांच्या लक्षात आलं की खांद्यावरचा हात गेलाय. आई दोन पावलं पुढे होत्या. रस्त्यावर. कशालाही न धरता उभ्या राहून त्या खालच्या बिजागरीकडे बघत होत्या.

हाक तोंडाशी आली होती. सांभाळ, धर, थांब, मी येतो. त्यांनी ती गिळली. वॉकरच्या दांड्या घट्ट धरल्या आणि श्वाससुद्धा जपून घेतला.

"एक खिळा आणि हातोडी लागेल फक्त," आई वळून म्हणाल्या. "काय रे, असा काय बघतोस? दुखतंय का फार?"

"हो," खिडकीसाहेब म्हणाले. "फार दुखतंय. एकट्याने नाही जमायचं. संध्याकाळी पुन्हा आणशील ना मला?"

"आणीन की," आई म्हणाल्या आणि त्यांना परत न्यायला दोन पावलं मागे आल्या.